बुडबुडा मध्यावर आला म्हणजे बेड सपाट झाला?

सीएनसी राउटर बसवायला माणूस येतो. बेडवर पाणसळ ठेवतो, पायांचे बोल्ट फिरवत बुडबुडा मध्यावर आणतो आणि सांगून जातो, ‘‘बेड लेव्हल केलाय, आता काळजी नाही.’’ महिन्याभरात तक्रार सुरू होते. कोरलेली अक्षरं एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ येतात. प्लाय एका कोपऱ्यात आरपार कापली जाते, तर समोरच्या कोपऱ्यात खाली पापुद्रा चिकटून राहतो. मग दोष कधी बिटला, कधी सॉफ्टवेअरला, कधी प्लायवाल्याला. बेडकडे कुणी बोट दाखवलंच, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘‘बेड पाणसळीत आहे, तपासून बघा!’’

रत्नागिरीत नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, दारांची पॅनेलं आणि गणपतीची मखरं राउटरवर करून देणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते एकदाचं निकालात काढायला हवं. पाणसळीत असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. शिवाय राउटरला जे लागतं, ते या दोन्हींपेक्षा निराळं आहे.

मुख्य गैरसमज : बेड पाणसळीत असला की खोली सगळीकडे सारखी येते

पाणसळ एवढंच सांगते, की एखादा पृष्ठभाग पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाशी काटकोनात आहे की नाही. बिटला गुरुत्वाकर्षणाशी काही देणंघेणं नाही. बिट धरलेला असतो स्पिंडलमध्ये, स्पिंडल गॅन्ट्रीवर आणि गॅन्ट्री रेल्सवर. रेल्स जशा नेतील तसा बिट जातो. त्यामुळे खोली सारखी येण्यासाठी एकच अट आहे : बिट ज्या प्रतलात फिरतो, त्या प्रतलाला बेडचा पृष्ठभाग सगळीकडे समांतर हवा. रेल्स जमिनीला तिरप्या असतील आणि बेडही तेवढाच तिरपा असेल, तर काम अचूक होईल. बेड पाणसळीत आणि रेल्स तिरप्या, तर काम हमखास बिघडेल.

पटत नसेल तर बोटीवर नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. आपल्या किनाऱ्यावर अशी माणसं घरोघर सापडतात. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूमच्या वर्कशॉपमध्ये लेथ असतो. जहाज समुद्रात डावीउजवीकडे कलत असतं, पाणसळीचा बुडबुडा तिथे क्षणभरही एका जागी थांबणार नाही. तरी त्या लेथवर शाफ्ट आणि बुश नीट निघतात, कारण टूल आणि जॉब यांचं आपसातलं नातं यंत्राच्या सांगाड्याने पक्कं धरून ठेवलेलं असतं.

सपाटपणा पाणसळीवर अवलंबून नाही, हे यंत्रशाळेत पावणेदोनशे वर्षांहून जुनं ज्ञान आहे. जोसेफ व्हिटवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने 1840 मध्ये ग्लासगोला धातूच्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला होता. पद्धत अशी : तीन प्लेटी आळीपाळीने एकमेकींवर टेकवायच्या, उंचवटे जिथे लागतील तिथे खरवडायचे आणि तिन्ही जोड्या पूर्ण जुळेपर्यंत हेच करत राहायचं. दोनच प्लेटी घेतल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही एकमेकींत चपखल बसू शकतात. तिसरी आली की ही फसवणूक उघडी पडते. या सगळ्या कामात पाणसळ कुठेच लागत नाही.

आता आकडे बघू. गवंडीकामाची चांगली पाणसळसुद्धा साधारण मीटरला अर्धा मिलिमीटर इतक्या अचूकतेची असते. आठ बाय चार फुटी बेडची रुंदी 1220 मि.मी. म्हणजे बुडबुडा बरोबर मध्यावर दिसत असतानाही एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत 0.6 मि.मी. फरक असू शकतो. दाराच्या चौकटीला तो चालतो, कोरीव कामाला नाही.

तो का चालत नाही, हे मराठी पाटीवर लगेच दिसतं. अक्षरं कोरायला बहुधा 90 अंशांचा व्ही-बिट लावतात. या बिटने जेवढी खोली जाते, त्याच्या दुप्पट रुंदीची चर पडते. दीड मिलिमीटर खोल गेलं तर शिरोरेषा तीन मिलिमीटर रुंद. पाटीच्या दुसऱ्या टोकाला बेड फक्त पाव मिलिमीटर खाली असेल, तर खोली सव्वा मिलिमीटर होते आणि शिरोरेषा अडीचवर येते. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, त्यांत हा फरक लपतो. आपली शिरोरेषा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावते. ती बारीक होत गेली की दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यालाही कळतं.

मग पाणसळ फेकून द्यायची का? नाही. तिचा एक खरा उपयोग आहे, तो म्हणजे सांगाड्याचा पीळ काढणे. फरशी उंचसखल असेल आणि चार पायांपैकी एक अधांतरी असेल, तर वेल्ड केलेला सांगाडाही वजनाने पिळवटतो आणि त्याच्याबरोबर दोन रेल्स एकमेकींच्या प्रतलातून बाहेर जातात. तो पीळ शोधायला मीटरला 0.02 मि.मी. दाखवणारी मशीनिस्टची लेव्हल लागते. ती दोन्ही रेल्सवर ठिकठिकाणी ठेवायची आणि दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे. तिथेही प्रश्न ‘आडवं आहे का’ हा नसतो, ‘दोन्हीकडे सारखं आहे का’ हा असतो.

मग बेड खरा कसा करायचा?

ज्या यंत्रावर काम करायचं आहे, त्याच यंत्राने बेड रंधून घ्यायचा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या मूळ बेडवर 18 मि.मी. एमडीएफची फळी बसवतात, तिला स्पॉइलबोर्ड म्हणतात. ती झिजण्यासाठी आणि कापली जाण्यासाठीच असते. तिचे स्क्रू पुरेसे खोल बुडवायचे, नाहीतर पुढे कधीतरी बिट स्क्रूवर आदळतो. मग 25 मि.मी. किंवा त्याहून मोठा सपाटीचा कटर लावून पूर्ण फळीवरून 0.3 ते 0.5 मि.मी.चा पास मारायचा. रेल्समध्ये असलेली थोडीफार तिरकस चाल त्या पृष्ठभागात जशीच्या तशी उतरते आणि बेड बिटाच्या वाटेला आपोआप समांतर होतो.

पास मारल्यावर फळीवरून तळहात फिरवून बघा. प्रत्येक पट्ट्याच्या कडेला बारीक पायरी हाताला लागली, तर स्पिंडल बेडशी काटकोनात नाही. गुण्या लावून अंदाज घ्या, पण खरी दुरुस्ती डायल गेजने करा. गेज स्पिंडलला बांधून हाताने गोल फिरवायचा आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे आकडा सारखा येईपर्यंत स्पिंडलची बैठक सरकवायची. हे झाल्यावर पुन्हा एक पास. आता हाताला पायरी लागता कामा नये.

शेवटी मोजणी. चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि बेडचा मध्य अशा नऊ जागी गॅन्ट्री नेऊन डायल गेजचा आकडा तिथेच फळीवर पेन्सिलीने लिहायचा. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यातला फरक, हीच तुमच्या बेडची खरी ओळख.

कोकणातला आणखी एक मुद्दा : एकदा केलेलं कायम राहत नाही

‘‘गेल्या मार्चमध्येच बेड रंधला होता,’’ हे वाक्य ऑगस्टमध्ये ऐकलं की डोक्याला हात लावावा लागतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या घरात असते. लाकूड हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत राहतं. अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या ‘वुड हँडबुक’मधल्या तक्त्यानुसार 30 अंश सेल्सिअसला हवेतली आर्द्रता 65 टक्के असेल तर लाकडातला ओलावा सुमारे 12 टक्क्यांवर स्थिरावतो, 90 टक्के असेल तर सुमारे 20 टक्क्यांवर. एमडीएफचे आकडे याहून थोडे कमी असतात, पण दिशा तीच. त्याची जाडी फक्त एक टक्का वाढली तरी 18 मि.मी.च्या फळीत 0.18 मि.मी. भर पडते. फुगणंही सारखं नसतं. कडा, स्क्रूची भोकं आणि आधी कापलेल्या चरा जास्त ओलावा पितात.

आणि नेमका याच दिवसांत कामाचा जोर असतो. राज्यात 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांचं बरंच काम प्लाय, एमडीएफ आणि पुठ्ठ्याकडे वळलं. ऑर्डरी येतात आषाढ-श्रावणात, म्हणजे बेड सगळ्यांत जास्त फुगलेला असतो तेव्हा.

उपाय सोपे आहेत. नवीन फळीच्या दोन्ही बाजूंची कडक साय काढून टाका. एकच बाजू रंधली तर ती दुसरीपेक्षा लवकर ओलावा घेते आणि फळी वाकते. कडांना वॉर्निश किंवा फेव्हिकॉलचे दोन हात द्या. पावसाचा पहिला पंधरवडा उलटला की एक पास मारा आणि दिवाळीनंतर हवा सुकली की पुन्हा एक. फळी 10-12 मि.मी.वर आली की बदला. रंधताना उडणारी धूळ मात्र हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र, दोन्ही हवंच.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*व्हॅक्यूम बेड असला की काहीही धरून राहतं.* व्हॅक्यूम ओढत नाही, वरची हवा दाबते, आणि तिचा एकूण भार क्षेत्रफळावर ठरतो. अर्ध्या वातावरणाइतका व्हॅक्यूम मिळाला, तर आठ बाय चारच्या अख्ख्या शीटवर सुमारे 15 टन भार येतो. पाच सेंटीमीटर चौरसाच्या तुकड्यावर मात्र जेमतेम साडेबारा किलो, आणि घर्षण धरलं तर तो आडवा सरकायला चार किलोही लागत नाहीत. लहान तुकड्यांना टॅब, म्हणजे शीटला जोडून ठेवणारे न कापलेले छोटे दुवे, ठेवा.

*मोठा पंप घेतला की गळतीचा प्रश्न मिटतो.* आधी न वापरलेल्या जागेवर रबरी शीट अंथरा, फळीच्या कडा बंद करा, मग पंपाचा विचार करा.

*क्लॅम्प जितका घट्ट तितका चांगला.* कडा आवळल्या की शीटचा मध्य उचलला जातो. क्लॅम्पचं मागचं टोक पुढच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे दाब जॉबवरच येतो.

*कुठलाही बिट चालतो, पकड बेडची हवी.* वर ओढणारा स्पायरल बिट जॉबला बेडवरून उचलायला बघतो. पातळ शीटला खाली दाबणारा बिट लावा.

*डबल टेप म्हणजे तात्पुरता जुगाड.* धूळ पुसून, कोरड्या पृष्ठभागावर नीट दाबून लावली तर पातळ कामाला तिच्यासारखी पकड नाही. भुशावर लावलेली टेप भुशालाच चिकटते.

*ओतीव लोखंडाचा जाड बेड घेतला की स्पॉइलबोर्ड नको.* आरपार कापायचं असेल तर बिटाच्या खाली मऊ काहीतरी हवंच. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड तेलपाण्याशिवाय गंजतं.

*प्लायवर 18 लिहिलंय म्हणजे 18च.* कॅलिपर लावून बघा, आकडा कमी-जास्त भरतो. आरपार कापायचं असेल तेव्हा झेड शून्य (खोली मोजण्याची सुरुवात) शीटच्या माथ्यावरून न धरता ताज्या रंधलेल्या बेडवरून धरा आणि बिट बेडमध्ये 0.2 मि.मी. उतरू द्या.

नवीन राउटर घेणाऱ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे. बसवायला आलेल्या माणसाने बुडबुडा दाखवला, तर तेवढ्यावर पावतीवर सही करू नका. त्याच्याकडून स्पॉइलबोर्ड रंधून घ्या, नऊ जागांचे आकडे तुमच्यासमोर घ्यायला लावा आणि त्यांतला फरक पावतीवर लिहून मागा. पाट्या आणि मखरांच्या कामाला तो 0.1 मि.मी.च्या आत हवा. यंत्र चांगलं असेल तर तो येतोच. येत नसेल, तर ते पैसे देण्याआधी कळलेलं बरं.