प्रिंटर सापडावा, नको ते सापडू नये

कोकणातल्या हेदवीसारख्या गावात जुनं घर जांभ्याचं असतं, आणि वायफायला जांभा फारसा मानवत नाही. या दगडाला अंगभर छिद्रं असतात. आषाढ-श्रावणात गिलावा नसलेली भिंत पाणी पिऊन बसते. पाण्याचे रेणू रेडिओलहरींबरोबर हेलकावे खातात आणि लहरींची ऊर्जा उष्णतेच्या रूपात गिळतात. २.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याची खास वारंवारता आहे असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते खरं नाही. हे शोषण वारंवारतेबरोबर वाढत जातं आणि २० गिगाहर्ट्झच्या आसपास शिगेला पोहोचतं. म्हणून ओल्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आधी दम सोडतं, २.४ चं त्यामानाने तग धरतं. ओटीवर राउटर आणि आतल्या खोलीत प्रिंटर असेल, तर प्रिंटर २.४ वरच जोडावा. स्वस्तातल्या अनेक वायरलेस प्रिंटरना तेवढंच येतंही.

गावातल्या घरात प्रिंटर ही आता गरजेची वस्तू झाली आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या उतरवून घेता येतो. परीक्षेची हॉल तिकिटं असतात, बँकेचे अर्ज असतात. एका कागदासाठी शृंगारतळीची बाजारपेठ गाठण्यापेक्षा घरी छापलेलं बरं. दशभुजा गणेशाच्या दर्शनाला आणि भरतीच्या वेळी समुद्रकाठची बामणघळ बघायला येणाऱ्यांना खोल्या देणाऱ्या घरात तर एकाच वायफायवर घरची मुलं, आजी-आजोबा आणि अनोळखी पाहुणे असे सगळे असतात. तिथे दोन मागण्या एकदमच येतात: प्रिंटर घरातल्या सगळ्यांना वापरता यावा, आणि अश्लील किंवा फसव्या वेबसाइट मुलांपुढे उघडू नयेत. वरवर पाहता या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही. राउटरच्या लेखी मात्र दोन्हींत प्रश्न एकच: कोण कुणाचा पत्ता विचारतंय, आणि त्याला काय उत्तर द्यायचं?

घरगुती जाळ्याच्या इतिहासात प्रिंटर मुळापासून आहे. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला. असं महागडं यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवणं शक्य नव्हतं. संगणक मात्र टेबलाटेबलावर येऊ घातले होते. ते सगळे या एका प्रिंटरला जोडायचे, ही निकड रॉबर्ट मेटकाफ यांच्या इथरनेटमागे होती. इथरनेटची कल्पना मांडणारं त्यांचं टिपण २२ मे १९७३ चं आहे. आज राउटरच्या पाठीमागे ज्या खोबणीत आपण केबल खोचतो, ती त्याच इथरनेटची.

आता पत्त्याचं बघू. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर १९२.१६८ ने सुरू होणारा एक क्रमांक देतो. हे क्रमांक घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे हेदवीतल्या आणि हैदराबादेतल्या घरात तोच पत्ता असू शकतो आणि कुणाचंच बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे. हा पत्ता मुदतीपुरता असतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की काल प्रिंटरकडे असलेला क्रमांक आज एखाद्या मोबाइलला मिळू शकतो. संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' उमटतं. प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेला जातो, तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं. प्रत्येक यंत्रावर कारखान्यातच दिलेला मॅक क्रमांक असतो, ४८ बिटांचा, बारा अक्षर-अंकांत लिहिलेला. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या मॅक क्रमांकाच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. दहा मिनिटांच्या या कामाइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

जुना, वायफाय नसलेला प्रिंटर राउटरच्या यूएसबी खोबणीला लावता येतो. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये त्यासाठी एक चिमुकला प्रोग्रॅम आहे. ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते तो जसंच्या तसं प्रिंटरकडे ढकलतो. छपाईची भाषा त्याला कळत नाही, म्हणून प्रत्येक संगणकावर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लागतोच. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या एचपी लेझरजेट १०२० ची तर आणखी एक खोड आहे: त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या पोटात टिकत नाही. प्रिंटर चालू झाला की संगणकातला ड्रायव्हर ते दर वेळी नव्याने भरतो. राउटरला जोडल्यावर हे काम करणारं कुणी उरत नाही. दिवा लागतो, कागद मात्र येत नाही. त्यासाठी प्रिंटर चालू होताच फर्मवेअर पाठवणारी छोटी स्क्रिप्ट राउटरमध्येच ठेवावी लागते. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात ही गोष्ट ठाऊक असणं फार मोलाचं.

हे ९१०० पोर्ट पासवर्ड विचारत नाही. घराच्या आत ते सोयीचं, बाहेर उघडं राहिलं तर घातक. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यात एका हॅकरने इंटरनेटवर उघडे पडलेले प्रिंटर शोधून एका यूट्यूबरचा प्रचार करणारे कागद छापले. सुमारे ५० हजार प्रिंटरवर ते छापल्याचा त्याचा दावा होता. म्हणून राउटरमध्ये प्रिंटरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आत येण्याची वाट, कधीही सुरू करू नये.

अडवणुकीकडे वळू. राउटर पानावरचा मजकूर वाचून वाईट पान अडवतो, हा समज जुन्या काळातला. आज बहुतेक वेबसाइटवरची देवाणघेवाण कुलूपबंद असते, मधल्या राउटरला आतलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते वेबसाइटचं नाव. मोबाइल आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय? नावांवरून पत्ते सांगणारी ही डीएनएस व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. अडवायचं ते इथेच. राउटरच्या डीएनएस रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ लिहिले, तर क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा अश्लील आणि घातक वेबसाइटचे पत्ते देतच नाही. ही सेवा २०२० मध्ये सुरू झाली. पत्ताच नाही, तर पान उघडणार कुठून?

ही चाळण भरड आहे, हे पालकांना नीट सांगायला हवं. यूट्यूबवरच्या जाहिराती आणि व्हिडिओ एकाच घरचे, त्यामुळे नावावरून त्यांना वेगळं काढता येत नाही. अँड्रॉइड ९ पासून मोबाइलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. त्यात दुसऱ्या सेवेचं नाव भरलं की तो राउटरला न विचारता परस्पर तिला विचारतो. ही वाट ८५३ पोर्ट बंद करून अडवता येते. ब्राउझरमधला कुलूपबंद डीएनएस मात्र साध्या वेब वाहतुकीतच मिसळून जातो, तो ओळखणं अवघड. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचाही डीएनएस बदलावा लागतो, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं राहतं. आणि मुलाने वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला की राउटरचा संबंधच संपला. तरीही ही चाळण लावावी, असं माझं ठाम मत आहे. लहान मुलं नको त्या पानावर पुष्कळदा चुकून पोहोचतात, आणि चुकून पडलेलं पाऊल ती बहुतेकदा अडवते.

पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क काढावं. त्यावरून घरचा प्रिंटर दिसत नाही, कारण 'मी इथे आहे' ही प्रिंटरची हाक त्याच्या स्वतःच्या जाळ्याबाहेर जात नाही. पाहुण्याला कागद हवा असेल तर त्याने फाइल यजमानांना पाठवावी, छपाई घरच्यांनी करावी. राउटरच्या मूळ पासवर्डचंही विसरू नये. तो बहुधा खालच्या चिठ्ठीवरच छापलेला असतो आणि खोलीतल्या कुणालाही वाचता येतो. तो बदलावा, मग वीज जाऊन आल्यावरही सगळं चालतं का हे बघायला घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा. दोन मिनिटांनी मोबाइलवरून एक पान छापून बघावं, आणि अडवलेली एखादी वेबसाइट उघडते का तेही तपासावं.