मुलींना जपतो, पण मुलग्यांना काय शिकवतो?

मुलगी आठवीत गेली की घरोघरी सूचनांची यादी सुरू होते. अंधार पडायच्या आत घरी ये. ओढणी नीट घे. मोहफुलं वेचायला जाशील तर काकूबरोबर जा. बसस्टँडवर रेंगाळू नकोस. मैत्रिणींनो, आता त्याच घरातल्या, त्याच वयाच्या मुलग्याला आपण काय सांगतो ते आठवून बघा बरं! ‘अभ्यास कर’ आणि ‘गाडी हळू चालव’. बस्स. जणू हे संकट पावसासारखे आभाळातून पडते आणि छत्री तेवढी मुलीने घ्यायची!

आम्हा आलापल्लीकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेकाठी देसाईगंज आहे. आम्ही त्याला वडसा म्हणतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात जे घडले, त्याने पुढे साऱ्या देशाचा कायदा बदलला. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. तेव्हा वडसा काय आणि आलापल्ली काय, सगळे चंद्रपूर जिल्ह्यातच होते.

मोलमजुरी करणारी, आईबाप नसलेली एक आदिवासी मुलगी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय १४ ते १६. तिने ज्या मुलाशी लग्न करायचे ठरवले होते, त्याच्या घरच्यांविरुद्ध तिच्या भावानेच तक्रार दिली होती, म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावले होते. जबाब झाले, साडेदहाच्या सुमारास अधिकारी घरी गेला. मग बाकीच्यांना बाहेर काढून तिला एकटीला मागे ठेवले. दार बंद झाले, दिवे गेले. बाहेर आपली माणसे हाका मारीत उभी होती. ती बाहेर आली तेव्हा तिने काय झाले ते सांगितले. ठाण्यापुढे संतापलेली गर्दी जमली, तेव्हा कुठे त्या अधिकाऱ्याला घरून बोलावून तिचा जबाब लिहिला गेला.

पुढे काय झाले? १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले; तिची संमती होती म्हणे. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की, भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, आणि दोघांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडले. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० मध्ये बायका ठिकठिकाणी रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापायला बंदीही तेव्हाच आली.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट पुढेच आहे. हा खटला लोकांच्या तोंडी त्या मुलीच्या नावाने राहिला. कायद्याच्या पुस्तकात मात्र तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा, पोलिसाच्या नावाने आहे. ते नाव किती जणांना ठाऊक आहे? ती ओरडली का, आधी कोणाबरोबर होती, अंगावर वळ होते का, याचीच वर्षानुवर्षे चर्चा झाली. त्या दोघा पुरुषांना लहानपणी घरात काय शिकवले होते, हे कोणी विचारले नाही. न्यायालयाचे ते कामही नव्हते. ते काम आपले, घराचे आहे.

‘बाई, आमचा बापू तसा नाही जी!’ असे पालकसभेत एखादी माउली लगेच म्हणते. नसेलच! मग त्याच्याशी बोलणे सोपेच जाईल, नाही का? मुलग्याशी बोलायचे ते तो गुन्हेगार आहे म्हणून नव्हे. चार मित्रांत बसल्यावर एखादा वंगाळ बोलला, तर ‘हे बरं नाही’ म्हणणारा तो एकटा तरी असावा, म्हणून.

असे पुरुष असतात, हेही सांगायला हवे. १९९१ मध्ये मुंबईत सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वर्तमानपत्रात आवाहन केले की, बायको ही मारायची वस्तू नाही असे मानणारे पुरुष पुढे या. दोनशेवर पुरुषांनी पत्रे लिहिली! त्यातूनच १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी हे त्यांतले एक. ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा त्यांचा दिवाळी अंकही निघतो आणि कॉलेजातल्या पोरांना घेऊन ते काम करतात. आमच्या गडचिरोलीत ‘सर्च’च्या डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरे घेतली. मुलगे-मुली दोघांशी शरीराबद्दल, आकर्षणाबद्दल मोकळेपणाने बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता घरात करायचे काय? पाच-सहा वर्षांच्या पोराला गुदगुल्या करताना तो ‘बस’ म्हणाला की लगेच थांबा. ‘नको म्हटलं की थांबायचं’ हा पहिला धडा त्याला स्वतःच्या अंगावरच कळतो. मामाने, आजोबांनी मुका मागितला आणि त्याला द्यायचा नसेल, तर बळजबरी करू नका. मुलग्यांवरही अत्याचार होतात, भगिनींनो. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे.

अकरा-बारा वर्षांचा झाला की पाळीची माहिती त्यालाही द्या. आमच्याकडे कितीतरी गावांत बाया पाळीच्या दिवसांत अजून कुर्मा घरात राहतात. बहीण चार दिवस तिकडे का राहते, हे पोराला कोणी सांगत नाही. मग तो ते शाळेमागे पोरांकडून शिकतो, आणि तेही चिडवण्याच्या भाषेत. साध्या शब्दांत पाच मिनिटे सांगितले, तर वर्गातल्या मुलीच्या स्कर्टवर डाग दिसला म्हणून तो हसणार नाही, आपला स्वेटर काढून देईल.

पुढचे वय मोबाइलचे. अश्लील चित्रफीत कोणी ना कोणी त्याला दाखवतेच. मोबाइल हिसकावून घेऊन काही साधत नाही. ‘ते नाटक असतं, खरं माणूस तसं वागत नाही’ हे कोणीतरी सांगावे लागते. वडिलांनी सांगितले तर फार उत्तम. आपल्या सिनेमातला हिरो मुलीच्या मागे मागे फिरतो, ती नाही म्हणते, आणि तिसऱ्या गाण्यात हो म्हणते! पोराला सांगा की, ती नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा मागे लागणे २०१३ पासून गुन्हा आहे. अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हेही त्याच वर्षी कायद्यात लिहिले गेले आणि नव्या न्याय संहितेतही ते आहे. वडशाच्या मुलीला हे शब्द चाळीस वर्षे उशिरा मिळाले. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या ‘हो’लाही कायदा मानत नाही. प्रेमात पडलेल्या कित्येक पोरांना हे अटक होईपर्यंत माहीतच नसते.

वडिलांना हा विषय नकोसा वाटतो. ‘तूच सांग’ म्हणून ते अंगणात जाऊन बसतात. पण खरे सांगू? ते बोलले नाहीत तरी पोरगा त्यांच्याकडूनच शिकतो. भाजीत मीठ जास्त झाल्यावर ते बायकोला काय बोलतात, तिने ‘आज नको’ म्हटल्यावर घरात आदळआपट होते का, रस्त्यावरच्या बाईबद्दल मित्रांत काय बोलणे चालते, हे सगळे तो बघत असतो.

आणि सगळ्यांत अवघड प्रश्न: तक्रार आपल्याच मुलग्याची आली तर? आपला पहिला ओढा असतो तो मुलीच्या आईबापाकडे जाऊन ‘मिटवून घेऊ’ म्हणण्याचा. चार माणसे बसतात, दंड ठरतो, पैसे दिले जातात. हे करू नका. मुलगी अठराखालची असेल, तर माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच पॉक्सोखाली गुन्हा ठरतो, आणि पंचांनी मिटवले म्हणून खटला मिटत नाही. मुलग्याला खरे काय ते विचारा, त्याच्यासाठी वकील बघा, पण त्या मुलीच्या घरी दबाव न्यायला कोणालाही धाडू नका, स्वतः तर जाऊच नका. त्याचे स्वतःचे वय अठराच्या आत असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, आणि तो मुलग्यांसाठीही आहे.