चार डब्यांचं गणित

आरे-वारेच्या चढावर उभं राहिलं की खाली दोन किनारे, सुरूचं बन आणि पुढे क्षितिजापर्यंत समुद्र दिसतो. रेल्वे मात्र कुठेच दिसत नाही. कोकण रेल्वे नावाला किनाऱ्याची असली, तरी ती रत्नागिरीच्या पट्ट्यात समुद्रापासून बरीच आत, डोंगर फोडत जाते. याचं कारण खाड्या. शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते तिथे तिच्या रुंद मुखावर पूल बांधण्यापेक्षा तीच नदी वर संगमेश्वराकडे ओलांडणं सोपं. मात्र खाड्या टाळल्या की सह्याद्रीचे फाटे आडवे येतात, म्हणून बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल. रत्नागिरीच्या उत्तरेला उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे आणि दक्षिणेला निवसरच्या वाटेवर ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल. आरे-वारेला येणारा मुंबईकर या दोहोंच्या मध्ये रत्नागिरी स्थानकात उतरतो आणि रिक्षाने किंवा एसटीने शिरगाव, साखरतर, काळबादेवी करत किनारा गाठतो.

गेल्या काही वर्षांत या प्रवाशासमोर गाड्यांचे नवे नवे नमुने आले. तेजस, व्हिस्टाडोम आणि मग वंदे भारत. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती सरकत्या दारांची, खुर्चीसमोरच्या पडद्याची आणि तिकिटाच्या दराची. गाडी आतून कशी बांधली आहे, तिचे डबे एकमेकांना कसे जोडले आहेत, ती किती लांब करता येते आणि किती आखूड, यावर फारसं कोणी बोललं नाही. माझ्या मते कोकणच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. कारण कोकणातली गर्दी वर्षभर सारखी नसते. ती गणपतीत आणि शिमग्यात फुगते, मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत टिकून राहते आणि आषाढात ओसरते. या वर्षचक्राप्रमाणे जी गाडी वाढेल आणि आटेल, तीच कोकणची गाडी.

सुरुवात डब्यापासून करू. स्वातंत्र्यानंतर भारताने स्वित्झर्लंडमधल्या श्लिरेन इथल्या कंपनीकडून डब्याचा आराखडा घेतला आणि पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी उभी केली. तिचं उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ ला झालं. तिथून निघालेला डबा आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि कोकणकन्या, मांडवी या गाड्या घरोघरच्या झाल्या, त्याही याच डब्यांच्या. डबा दणकट होता, दुरुस्तीला सोपा होता. पण त्याचं अंग साध्या, गंज कमी धरणाऱ्या पोलादाचं. वर्षातले चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा अशा पट्ट्यात त्या पोलादाचा टिकाव मर्यादितच. डब्याचं आयुष्य २५ वर्षं धरलेलं असे आणि मधल्या काळात त्याची मोठी डागडुजी करावी लागे.

दुसरा नमुना जर्मनीचा. लिंके-हॉफमन-बुश या कंपनीच्या आद्याक्षरांवरून आपण त्याला एलएचबी म्हणतो. १९९५ साली करार झाला, आणि पुढे कपूरथळ्याच्या कारखान्यात हे डबे बनू लागले. अंग स्टेनलेस स्टीलचं, आयुष्य ३५ वर्षं, ब्रेक डिस्कचे. लांबी जुन्या डब्यापेक्षा दोन मीटरहून जास्त, म्हणून शयनयान डब्यात ७२ ऐवजी ८० जागा बसतात. गाडीची एकूण लांबी फलाटाने ठरते, त्यामुळे जुन्या २४ डब्यांच्या जागी नवे २२ येतात. चोवीस डबे शयनयानाचेच धरले तर जुन्या गाडीत १,७२८ जागा होतात, नव्या २२ डब्यांत १,७६०. सुधारलेला डबा म्हणजे कमी माणसं ही समजूत निदान इथे खोटी ठरते.

या डब्यांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक प्रवाशाला दिसत नाही, कारण तो दोन डब्यांच्या मध्ये असतो. जुन्या डब्यांना दोन बाजूंना गोल बफर आणि मधोमध स्क्रूचं कपलिंग. जोडताना माणूस दोन डब्यांच्या मध्ये उतरायचा, जड कडी समोरच्या हुकात टाकायचा आणि दांडा फिरवून स्क्रू आवळायचा. अपघातात ही जोडणी सुटली की एक डबा दुसऱ्यावर चढण्याचा धोका मोठा. एलएचबीचं कपलिंग मधोमध असतं आणि दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसं घट्ट बसतं. डबा रुळांवरून घसरला तरी तो शेजारच्यावर चढू नये, अशी त्याची रचना आहे. ज्या मार्गावर २००३ साली वैभववाडीजवळ बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळून सुमारे पन्नास माणसं गेली आणि पुढच्याच पावसाळ्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली, तिथे या एका सुधारणेची किंमत कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त आहे. या जोडणीचा एक त्रास प्रवाशांना माहीत आहे. गाडी सुटताना आणि थांबताना गचका बसायचा. पुढे जोडणीतल्या धक्काशोषक भागात सुधारणा झाल्या आणि तो कमी झाला.

आता वंदे भारतकडे येऊ. चेन्नईतल्या पेरांबूरच्या त्याच कारखान्यात २०१८ साली महाव्यवस्थापक सुधांशु मणि यांच्या काळात 'ट्रेन १८' तयार झाली आणि १५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्ली-वाराणसी मार्गावर धावली. हिला वेगळं इंजिन नाही. मोटारी डब्यांच्या तळाशी बसवलेल्या आहेत आणि निम्म्या डब्यांची चाकं गाडी ओढतात. मुंबईची लोकलही याच तत्त्वावर चालते. या गाडीचा मूळ घटक एक डबा नसून चार डबे आहेत. त्या चारांत मिळून एक ट्रान्सफॉर्मर, मोटारींचे डबे आणि लागणारी सगळी यंत्रणा. असे दोन घटक जोडले की आठ डब्यांची गाडी, चार जोडले की सोळा, पाच जोडले की वीस. मॉड्युलर गाडी म्हणतात ती हीच.

कोकणात ही गाडी येणार होती ३ जून २०२३ ला. आदल्या संध्याकाळी बालासोरचा भीषण रेल्वे अपघात झाला, कार्यक्रम रद्द झाला आणि मुंबई-मडगाव वंदे भारत २७ जूनला सुरू झाली. म्हणजे नव्या गाडीचा आरंभच पावसाळी वेळापत्रकात झाला. एरवी शुक्रवार सोडून रोज धावणारी ही गाडी पावसाळ्यात आठवड्यातून तीनच दिवस धावते.

तिचा १६० किलोमीटरचा वेग इथे उपयोगाचा नाही. कोकण रेल्वेवर कमाल वेग १२० चा आणि पावसात त्याहून खाली. शिवाय रोहा ते वीर हा २०२१ साली दुहेरी झालेला पट्टा सोडला तर मार्ग एकेरीच आहे, समोरून गाडी आली की क्रॉसिंगला थांबायचं. उपयोगाची आहे ती झटकन वेग घेण्याची ताकद. वळणावर, स्थानकावर, क्रॉसिंगवर थांबून पुन्हा वेग धरायला इंजिनाच्या जड गाडीला जो वेळ लागतो, तो इथे वाचतो. दुसरा फायदा बोगद्यांतला. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. डिझेल इंजिनांच्या काळात करबुड्यात धूर बाहेर काढायला मोठे पंखे बसवावे लागले होते. २०२२ साली रोहा ते ठोकूर हा सगळा ७४१ किलोमीटरचा मार्ग विजेवर गेला आणि तो प्रश्न सुटू लागला. वीज आल्याने एलएचबी गाड्यांचंही रूप बदललं. पूर्वी दिवे-पंखे-वातानुकूलनासाठी दोन टोकांना घरघरणारे जनरेटरचे डबे लागत. आता ती वीज इंजिनामार्फत वरच्या तारेतून घेता येते.

मग अडचण कुठे आहे? जोडण्या-सोडण्यात. जुन्या पद्धतीच्या गाडीला गणपतीत एखादा जादा डबा लावणं हे यार्डातलं रोजचं काम. गर्दी आहे, डबा मोकळा आहे, लावून टाक. वंदे भारतचे डबे आपसांत कायमचे बांधलेले असतात आणि ते डेपोतच सोडवता येतात. तिला एक डबा वाढवता येत नाही, चाराचाच हिशेब करावा लागतो. मुंबई-मडगाव गाडी आठ डब्यांची आणि ती बहुधा भरलेली. २०२५ च्या गणपतीत काही फेऱ्यांपुरते आठाचे सोळा डबे केले गेले. ते शक्य झालं ते रेल्वेकडे सोळा डब्यांचा दुसरा संच मोकळा करता आला म्हणून. म्हणजे गाडी लांबली नाही, बदलली. त्याच वर्षी गणपतीसाठी रेल्वेने ३८० जादा फेऱ्या जाहीर केल्या. हा आकडा वाचला की कोकणाला किती ताणता येणाऱ्या गाड्यांची गरज आहे ते कळतं.

हे जमणारं काम आहे. जर्मनीत आयसीई गाड्यांचे दोन संच नाकाला नाक लावून एकत्र निघतात. बर्लिनहून आलेली गाडी हाम स्थानकावर सुटी होते आणि दोन भाग दोन शहरांकडे जातात. दोन्ही टोकांना चालकाची केबिन आणि काही मिनिटांत जुळणारं स्वयंचलित कपलिंग असलं की झालं. कोकणासाठी मला हेच सर्वांत योग्य वाटतं. मुंबईहून आठ-आठ डब्यांचे दोन संच एकत्र निघावेत, रत्नागिरीला एक थांबावा आणि संध्याकाळी तो तिथूनच परत फिरावा, दुसरा मडगावला जावा. आषाढात एकच संच धावावा. एकेरी मार्गावर गाड्यांची संख्या वाढवणं अवघड आहे, त्यामुळे एकाच वेळी जाणाऱ्या गाडीची लांबी बदलता येणं हा इथला पहिला गुण मानला पाहिजे.

बसून जाणाऱ्यांचा विचार झाला, पण कोकणची मुख्य गाडी रात्रीची आहे. कोकणकन्येने रात्री बसायचं आणि पहाटे गावाला उतरायचं, ही चाकरमान्याची सवय. या बाबतीत एक महत्त्वाचं काम महाराष्ट्रातच ठरलं आहे. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीत वंदे भारतचे शयनयान संच बनवण्याचं कंत्राट रेल विकास निगम आणि रशियाची टीएमएच यांच्या संयुक्त कंपनीला २०२३ साली मिळालं. मूळ करार १६ डब्यांच्या १२० गाड्यांचा. नंतर रेल्वेने २४ डब्यांच्या ८० गाड्या मागितल्या. डबे दोन्हीकडे १,९२०च होतात. पण एवढ्या बदलाने स्वयंपाकाचा डबा, स्वच्छतागृहं, यंत्रणांची वाटणी असं सगळं नव्याने आखावं लागतं. गाडीची लांबी हा कागदावरचा आकडा वाटतो, प्रत्यक्षात सगळा आराखडा त्याच्याभोवती फिरतो.

२०२३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या नव्या नाइटजेट गाड्या हॅम्बुर्ग-व्हिएन्ना मार्गावर आल्या. सात डब्यांचा पक्का संच, त्यात एकट्या प्रवाशाला दार बंद करून झोपता येईल अशा छोट्या खोल्या. सुंदर कल्पना आहे. पण आपल्या गणपतीला एका कुटुंबाची पाच-सहा माणसं, मखराचं सामान, पिशव्या, आणि परतताना नारळ, फणस, आंब्याच्या दिवसांत पेट्या असतात. सामान ठेवायला पुरेशी जागा नसलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी कोकणची नाही.

म्हणून मला अमृत भारत गाडीकडे जास्त आशेने पाहावंसं वाटतं. ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झालेल्या तिच्या पहिल्या रचनेत दोन्ही टोकांना एकेक इंजिन, मध्ये बिगर-वातानुकूलित एलएचबी डबे: बारा शयनयान, आठ जनरल आणि दोन सामान व गार्डचे. एक ओढतं, एक ढकलतं. इंजिन फिरवण्याची कटकट नाही, चढावर ताकद भरपूर आणि डब्यांच्या जोडणीतला गचका जवळजवळ गेलेला. यातले आठ जनरल डबे कोकणात सगळ्यात महत्त्वाचे, कारण आरक्षण उघडताच वेटिंग लिस्ट लागते आणि मग उरतो तो जनरल डबाच. मांडवीतल्या जेवणाची ख्याती प्रवाशांनी पसरवली, ती गाडीतल्या स्वयंपाकघरामुळे. ते स्वयंपाकघरही या रचनेत असावं.

डबे बदलून भागणार नाही. लहान स्थानकांवर फलाट आखूड आणि खाली आहेत; डब्याची पायरी आणि जमीन यांतलं अंतर म्हातारी माणसं आणि पोटुशी बाई कशी पार करतात, हे कुठल्याही संध्याकाळी पाहावं. वंदे भारतच्या दारातून पायरी सरकत बाहेर येते, ती उंच फलाट आहे असं धरून. क्रॉसिंगच्या लूप लाइन लांब गाडीला पुरतील एवढ्या लांब नसल्या, तर सोळा काय, वीस डबे करून उपयोग नाही. मार्गाचं दुहेरीकरण हा मुख्य उपाय आहे आणि त्याला पैसा लागतो. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने २०२५ साली संमती दिली, ती या पैशाच्या वाटेचा विचार करूनच. तो पैसा आला तर आधी फलाट आणि लूप वाढवावेत, मग नवे डबे मागावेत.

गणपतीच्या तिकिटासाठी दर वर्षी पहाटेपासून मोबाइलवर डोळे लावून बसणाऱ्या वाचकांनी यापुढे निवेदनं देताना नुसती 'आणखी एक वंदे भारत द्या' एवढीच मागणी करू नये. किती डब्यांची, किती जनरल डबे, सामानाला जागा किती, आणि माझ्या स्थानकाच्या फलाटाला ती लागते का, हे चार प्रश्न अर्जात लिहावेत.