सातबारा ऑनलाइन, पण नाव आजोबांचंच!

तुमच्या घरचा सातबारा एकदा मोबाइलवर उघडून बघा. महाभूलेखवर जायचं, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, की आला समोर. आता नावं वाचा. आजोबा आहेत? त्यांचे भाऊ? जाऊन वीस वर्षं झाली तेसुद्धा? कोकणातले असाल तर नावांची ही भली मोठी रांग. त्यातले काही मुंबईत, काही या जगातच नाहीत.

कागद डिजिटल झाला, पण त्यावरची माणसं जुनीच राहिली.

आयटीत जायचं म्हणता ना? मग हे नीट बघा. कोरं करकरीत ॲप बनवायची संधी थोड्यांनाच मिळते. बाकीच्यांच्या वाट्याला बँकेचं, विमा कंपनीचं, सरकारी खात्याचं जुनाट सॉफ्टवेअर येतं. त्याला म्हणतात लेगसी सिस्टीम. साहेब सांगतात, 'नव्यात आणा', आणि आपण जुने रकाने जसेच्या तसे नव्या स्क्रीनवर मांडतो. प्रॉडक्ट थिंकिंग म्हणजे त्याआधी थांबून विचारायचं, माणूस हे घेऊन नेमकं काय करायला आलाय?

सातबाऱ्यात दोन नमुने असतात. नमुना ७ म्हणजे जमीन कुणाची, नमुना १२ म्हणजे त्यात पिकतंय काय. राज्यात असे सुमारे अडीच कोटी उतारे. हाताने लिहिलेलं संगणकात भरताना चुका व्हायच्याच. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे उतारे लोकांसमोर वाचून दाखवले. याला कॉर्पोरेट भाषेत युजर टेस्टिंग म्हणतात, आणि तेही थेट चावडीवर! पुढे १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी आली. तलाठ्याने भरायचा पिकाचा रकाना शेतकऱ्याने स्वतः फोटो काढून भरायचा. इथे नुसती स्क्रीन नाही, काम करायची पद्धतच बदलली.

नमुना ७ चं मात्र तसं झालं नाही.

महाड तालुक्यातलं तळीये आठवत असेल. २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली आणि कोंढाळकरवाडी गाडली गेली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. शोध थांबवला तेव्हा तीसेक जण सापडलेच नव्हते. अशा वेळी घरातले कागद घराबरोबर जातात, सर्व्हरवरचा उतारा शाबूत राहतो. हा फायदा खराच, छोटा नाही. पण मागे राहिलेल्याला उतारा मिळून काय उपयोग, त्यावर नाव गेलेल्या माणसाचं असेल तर? मृत्यूचा दाखला आणा, वारसांचं प्रतिज्ञापत्र करा, अर्ज द्या. मग फेरफार, १५ दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. आणि जो सापडलाच नाही त्याचा दाखला? एरवी कायदा बेपत्ता माणसाला मृत धरायला सात वर्षं घेतो, आपत्तीत सरकारला वेगळी वाट काढावी लागते.

तळीयेत हे एका दिवसात समोर आलं, बाकी गावांत ते वर्षानुवर्षं साचतं. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, जमिनीची महसूलकडे. दोन्ही सरकारीच, पण निरोप घेऊन फिरायचं वारसाने.

२०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. आधी बुलडाण्यात, एप्रिलपासून राज्यभर. तिने हे उलटं केलं. अर्जाची वाट न बघता तलाठ्यांनीच (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, जिभेला सवय व्हायचीय) गावातल्या मयत खातेदारांची यादी करायची. मला हा बदल नव्या डिझाइनपेक्षा, क्यूआर कोडपेक्षा मोठा वाटतो. फक्त मोहिमेला शेवटची तारीख असते, मरणाला नसते. दाखला निघाला की वारसनोंदीचं काम आपोआप सुरू झालं पाहिजे. ते कोड कुणीतरी लिहायचंय.

तोवर घरच्यांसाठी एवढं करा. ई-हक्क प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. आईला किंवा काकांना शेजारी बसवा आणि अर्ज त्यांनाच भरू द्या. तुम्ही मोबाइलला हात लावायचा नाही. त्या कुठे थांबल्या, कुठला शब्द त्यांना कळला नाही, कुठे वैतागून 'तूच कर बाबा' म्हणाल्या, ते वहीत लिहून ठेवा.