आडव्या जोराचा हिशेब

इमारतीचं वजन खाली उतरतं, हे कुणालाही कळतं. भूकंपात बाजूने येणारा जोर ओळखायला मात्र सराव लागतो. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या ऑफिसात मी त्याचा हिशेब अजूनही कागदावर करतो, ईटॅब्स हे सॉफ्टवेअर उघडण्याआधी.

एक साधी फ्रेम घ्यायची: तीन कॉलम, चार मजले, प्रत्येक मजला 3 मीटर उंच आणि 75 टनांचा. ठाणे भूकंपक्षेत्र 3 मध्ये येतं, म्हणून आयएस 1893 या भूकंपविषयक मानकाप्रमाणे क्षेत्रगुणांक 0.16. राहती इमारत, मध्यम जमीन आणि सळईची मांडणी आयएस 13920 प्रमाणे लवचीक धरली, तर आडवा जोर एकूण वजनाच्या 4 टक्के येतो. 300 टनांवर 12 टन.

हे 12 टन मजल्यांना सारखे वाटले जात नाहीत. वाटणी उंचीच्या वर्गाप्रमाणे होते: 1, 4, 9, 16. म्हणजे खालून वर 0.4, 1.6, 3.6 आणि 6.4 टन. निम्म्याहून जास्त जोर एकट्या गच्चीच्या स्लॅबवर! पण वरचं सगळं साठत साठत खाली येतं आणि तळमजल्याच्या कॉलमांना पूर्ण 12 टन पेलावे लागतात. पोर्टल पद्धतीने कडेच्या दोघांना 3-3, मधल्याला 6. कॉलमचा बाक मध्यावर उलटतो असं धरलं, की मधल्या कॉलमचं मोमेंट 6 गुणिले दीड, म्हणजे 9 टन-मीटर. एवढं हाताने काढलेलं असेल, तर संगणकाने 30 दाखवल्यावर कुठे काय बिघडलंय ते शोधायची बुद्धी होते. नाहीतर रंगीत आकृतीवर विश्वास बसतो.

मग मॉडेल. भेगाळलेल्या काँक्रीटसाठी कॉलमची जडता 70 टक्के, बीमची 35 टक्के. मजल्यामजल्यातलं सरकणं उंचीच्या 0.004 पट, म्हणजे इथे 12 मिलिमीटरच्या आत हवं. नुसती फ्रेम यात सहज बसलेली दिसते, आणि खरा धोका इथेच असतो. आपण विटांच्या भिंती मॉडेलमध्ये फक्त वजन म्हणून टाकतो. प्रत्यक्षात त्या फ्रेमला तिरक्या टेकूसारख्या आवळून धरतात. तळाला स्टिल्ट पार्किंग असेल, तर वरचे मजले एकसंध ठोकळा होतात आणि सगळं सरकणं त्या मोकळ्या मजल्यात एकवटतं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादमध्ये स्टिल्टवरच्या इमारती अशाच बसल्या. केंद्रबिंदू दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होता, आणि अहमदाबादही आपल्यासारखंच क्षेत्र 3 मध्ये आहे.

टेंभी नाक्याच्या दहीहंडीत सर्वांत खालच्या थराला चहूबाजूंनी माणसं रेटून उभी असतात. गोविंदांना जे अनुभवाने कळलं, त्याच्या नेमकं उलट आपण गाड्यांसाठी करतो.

म्हणून मी भिंतींच्या जागी तिरके टेकू घालून मॉडेल पुन्हा चालवतो आणि आकड्यांआधी वाकलेला आकार बघतो. बाक सगळा तळाशी दिसला, की कॉलम जाड करून भागवत नाही. पायापासून गच्चीपर्यंत काँक्रीटची भिंत, दोन्ही दिशांना, शक्यतो सममित, नाहीतर इमारत पिळवटते. यासाठी पार्किंगची एखादी जागा जाते. आर्किटेक्टला ते पहिल्याच आराखड्यावर सांगायचं. नकाशे मंजूर झाल्यावर कुणी ऐकत नाही.