हात राखून काम करणारी माणसं

चाकणच्या कारखान्यांमध्ये सुपरवायझरांचे वर्ग घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मॅडम, हल्लीच्या पोरांना कामच नको असतं." हिंजवडीतले टीम लीड हेच जरा सभ्य शब्दांत सांगतात. सांगितलं तेवढंच करतात, सहा वाजले की लॅपटॉप मिटतात, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसतात. तक्रार खोटी नाही आणि ती फक्त आपल्याकडचीही नाही. गॅलप ही संस्था दरवर्षी जगभरच्या नोकरदारांची पाहणी करते. त्यात कामात मनापासून गुंतलेल्यांचं प्रमाण २०२३ मध्ये २३ टक्के होतं, २०२४ मध्ये ते २१ टक्क्यांवर आलं. पाचातल्या चौघांचं मन आपल्या कामात पुरतं नसतं, असा त्याचा अर्थ.

माझं सगळं आयुष्य कार्मिक विभागात गेलं. आधी भोसरीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, मग एका सॉफ्टवेअर कंपनीत. माणसं कामावर घेणं हे माझं काम होतं आणि ती सोडून जाताना त्यांच्याशी शेवटचं बोलणं हेही माझंच काम होतं. या दोन टोकांवर बसून एक गोष्ट स्वच्छ दिसते. पहिल्या दिवशीच हात राखून काम करणारा माणूस फार क्वचित भेटतो. आयटीआय करून लातूरहून आलेला मुलगा सुरुवातीला शिफ्ट सुटल्यावरही मशीनपाशी रेंगाळतो, सेटिंग कसं करायचं ते जुन्या ऑपरेटरला विचारतो. वर्ष-दीड वर्षानं तोच मुलगा भोंगा व्हायच्या आधीच हात धुऊन गेटकडे बघत उभा असतो. मुलगा तोच, मशीन तेच. मधल्या काळात त्याला कारखान्यानं काय शिकवलं, हे कुणी विचारत नाही.

मला जे समजलं ते असं : बहुतेक माणसं काम करायला कंटाळत नाहीत. आपण याहून जास्त करू शकतो हे दाखवणं आपल्याला महागात पडतं, हे त्यांच्या लक्षात येतं, आणि मग ती आपली ताकद झाकून ठेवतात.

चौदा माणसांची खोली

हे आजचं नाही. व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात हॉथॉर्नचे प्रयोग शिकवतात. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून काही वर्षं अभ्यास चालला. त्यातला दिव्यांच्या उजेडाचा प्रयोग सगळ्यांना आठवतो. शेवटचा भाग मात्र घाईत उरकला जातो आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे.

१९३१-३२ मध्ये टेलिफोनच्या स्विचची जोडणी करणाऱ्या १४ कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवलं आणि एक निरीक्षक महिनोन् महिने त्यांचं काम बघत राहिला. जास्त काम केलं तर जास्त पैसे, अशी योजना होती. तरीही दिवसाला किती काम करायचं याचा एक आकडा त्या गटानं आपापसांत ठरवून टाकला होता. त्याच्या पुढे जाणाऱ्याला टोमणे बसत, कधी दंडावर गुद्दाही बसे. एखाद्याचं काम जास्त झालंच, तर तो ते सगळं सांगत नसे. मंद दिवसासाठी राखून ठेवत असे. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की आपण जोर लावला तर कंपनी दर कमी करेल किंवा माणसं कमी करेल. बाहेर महामंदी होती, माणसं रोज घरी बसत होती. अशा वेळी ती १४ माणसं आळशी होती असं मला म्हणवत नाही. त्यांनी हिशेब केला होता.

सहा सेकंदांचं बक्षीस

हाच हिशेब मी भोसरीत पाहिला. आमच्याकडे सूचना पेटी होती, काइझेनचा, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांचा, फलक होता. एका ऑपरेटरनं सुट्या भागांचा ट्रे डावीकडून उजवीकडे घ्यायला सुचवलं. हात आडवा न्यायचं वाचलं आणि प्रत्येक नगामागे सहा सेकंद वाचले. त्याला प्रमाणपत्र मिळालं, फलकावर फोटो लागला. पुढच्याच महिन्यात औद्योगिक अभियंता स्टॉपवॉच घेऊन आला आणि तिन्ही शिफ्टचं टार्गेट वाढलं. पगार तोच, चहाची सुट्टी तेवढीच. कॅन्टीनमध्ये त्या मुलाच्या टेबलावर बसायला कुणी तयार होईना. त्यानंतर त्यानं एकही सूचना दिली नाही आणि त्या लाइनवरून पेटीत चिठ्ठी पडणंच बंद झालं. कागदोपत्री त्या महिन्यात आमची उत्पादकता वाढली होती. एक हुशार मुलगा गप्प झाल्याची नोंद करायला तक्त्यात रकाना नव्हता.

सॉफ्टवेअरमध्ये स्टॉपवॉच दिसत नाही, पण तो असतो. दोन आठवड्यांचं काम टीमनं आठ दिवसांत संपवलं, तर पुढच्या खेपेला दहा दिवसांचं काम आठ दिवसांत बसवलं जातं. म्हणून मुलं अंदाज देतानाच फुगवून देतात. दोन दिवसांचं काम चार दिवसांचं सांगतात आणि मग चार दिवस पुरवून पुरवून करतात. "मॅम, लवकर संपवण्याचं बक्षीस म्हणजे अजून काम," असं राजीनामा दिलेल्या एका मुलीनं मला शांतपणे सांगितलं. तिच्या आवाजात तक्रारही उरली नव्हती.

त्यावर अप्रायझलचा बेल कर्व्ह. जीई कंपनीत जॅक वेल्च यांनी माणसांची २०, ७० आणि १० टक्के अशी प्रतवारी गाजवली आणि तिचं वारं जगभर पोचलं. शेवटच्या दहा टक्क्यांत कुणीतरी बसायलाच हवं, म्हटल्यावर शेजारच्याला मदत करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं झालं. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये ही पद्धत बंद केली. आपल्याकडे मात्र "तुझं काम छान आहे, पण वरच्या श्रेणीचा कोटा संपला" हे वाक्य अजून ऐकू येतं. हे ऐकून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून किती जीव लावेल?

काम मनापासून होत नाही म्हणून मग पहारा वाढवला जातो. संगणकावर हिरवा ठिपका दिसतो का, कीबोर्ड किती वेळ चालला, हे मोजायचं. मग माणसं हिरवा ठिपकाच सांभाळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं, कारण कीबोर्ड चालू असल्याचा नुसता आभास त्यांनी निर्माण केला होता. फसवणूक ती फसवणूकच. पण जिथे बोटांची हालचाल मोजतात, तिथे बोटं हलतात, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा.

सहा वाजता घरी जाणारे

इथे एक गल्लत दूर करायला हवी. ठरलेल्या वेळी घरी जाणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. आठ तास नीट काम करून, चाकणच्या चौकातली वाहतूक पार करून, मुलाचा अभ्यास घ्यायला घरी पोचणारा माणूस माझ्या लेखी चांगला कामगार आहे. २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला नारायण मूर्तींनी तरुणांना दिला, २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० तासांची भाषा केली. मला या चर्चेचं दुःख होतं, कारण तीत तास मोजले जातात. त्या तासांत माणूस काय करतो आणि का करतो, हा प्रश्न बाजूला पडतो.

पैशाचा प्रश्न नाही, असं म्हणणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये नव्या मुलांचा सुरुवातीचा पगार दहा-पंधरा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला आहे. याच काळात पुण्यातली घरभाडी कुठे गेली, हे भाड्यानं राहणाऱ्या कुणालाही विचारा. अशा मुलानं दोन वर्षांत कंपनी बदलली, तर त्याला निष्ठा शिकवायचा अधिकार कुणाला आहे?

कारखान्यांत याहून बिकट गोष्ट आहे. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार देशातल्या संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा आता ४० टक्क्यांच्या वर गेला आहे. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर दोघं उभे असतात. एकाला करारानुसार पगारवाढ मिळते. दुसऱ्याला सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो आणि ठेकेदाराच्या कागदावर तो नव्यानं रुजू होतो. युनिफॉर्मचा रंगही वेगळा. दरवेळी शून्यापासून सुरुवात करणाऱ्या या मुलाकडून आपण 'ओनरशिप' मागतो. दिवाळीनंतर आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं मशीनचा आवाज बदलला म्हणून धावत येऊन का सांगावं?

तीच माणसं, तोच कारखाना

माणसंच बिघडली आहेत असं मानणाऱ्यांना मी नेहमी दोन हकिकती सांगते.

पहिली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना बेशिस्त आणि गैरहजेरीसाठी बदनाम होता. कामगार ऐकत नाहीत, म्हणून मालक हैराण. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'न्यूमी' या नावानं पुन्हा उघडला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच घेतले आणि युनियनही जुनीच होती. बदललं ते बाकीचं. चूक दिसली तर लाइन थांबवणारी दोरी ओढायचा हक्क प्रत्येक कामगाराला मिळाला. मंदी आली तर आधी वरिष्ठांचे पगार कमी होतील आणि बाहेर दिलेलं काम आत आणलं जाईल, त्यानंतरच कामगार कमी करण्याचा विचार होईल, असं करारात लिहिलं गेलं. पुढे खरंच मागणी घटली, तेव्हा कामगारांना घरी पाठवण्याऐवजी प्रशिक्षणाला बसवलं. बदनाम कारखान्यातली तीच माणसं थोड्याच काळात अमेरिकेतल्या उत्तम दर्जाच्या गाड्या बनवू लागली.

दुसरी हकिकत आपल्या शेजारची, अहमदाबादच्या कॅलिको मिलची. १९५० नंतरच्या त्या वर्षांत साराभाई कुटुंबाच्या या गिरणीत स्वयंचलित माग आले, पण अपेक्षेएवढं कापड निघेना आणि खराब माल जास्त निघू लागला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. त्यांनी पाहिलं, की एका खात्यात २२४ माग आहेत आणि जेमतेम तीसेक माणसांचं काम बारा प्रकारांत चिरलेलं आहे. एक जण फक्त तुटलेला धागा बघतो, दुसरा फक्त कांड्या, तिसरा फक्त तेलपाणी. कुठल्याही मागावर निघणाऱ्या कापडाला 'हे माझं' म्हणणारं कुणी नाही. राइस यांनी सुचवलं, की एका छोट्या गटाकडे काही माग पूर्णपणे सोपवावेत. पुढची मांडणी त्यांना करावीच लागली नाही. कामगारांनी आणि जॉबरांनी (मुकादमांनी) लगेच आपापसांत बोलून गट पाडले आणि कोण कुणाबरोबर काम करणार हे स्वतःच ठरवलं. सुरुवातीच्या अडचणी निस्तरल्यावर उत्पादन वाढलं आणि खराब कापड घटलं. एरिक मिलर १९७० मध्ये तिथे पुन्हा गेले, तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत अजून चालू होती; काही ठिकाणी ती हळूहळू जुन्या वळणावर गेली होती. हे दुसरं वाक्यही मी वर्गात मुद्दाम सांगते. अशी घडी एकदा बसवली म्हणजे कायमची बसली, असं होत नाही. वरून दडपण आलं की ती विस्कटते, आणि तिला रोज सांभाळणारा माणूस लागतो.

मधला माणूस

तो माणूस म्हणजे सुपरवायझर, टीम लीड, शाखाधिकारी. आजच्या घसरणीत सगळ्यात जास्त तोच थकला आहे. गॅलपच्या त्याच पाहणीत व्यवस्थापकांमधलं गुंतलेल्यांचं प्रमाण एका वर्षात ३० टक्क्यांवरून २७ वर आलं. वरून टार्गेट येतं, खालून तक्रारी येतात आणि त्याच्या हातात ना पगार, ना भरती, ना निर्णय. शिवी देणं किंवा मुलांना नावं ठेवणं एवढंच त्याच्या हातात उरतं. "पोरांना काम नको असतं" या वाक्यामागे मला पुष्कळदा त्याचीच दमणूक ऐकू येते.

म्हणून मी वर्गात भाषणं कमी करते आणि तीन गोष्टींवर अडून बसते. एक, कामगारानं वाचवलेला वेळ निदान वर्षभर त्या लाइनला वापरू द्या. त्यावर टार्गेट चढवू नका, आणि चढवायचंच असेल तर त्यातला वाटा पगारात दिसू द्या. दोन, आलेल्या प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या. नकार असला तरी चालेल, कारण सांगून द्या. तीन, आज कोणत्या मशीनवर कोण उभं राहणार, रजा कुणी कधी घ्यायची, एवढं तरी त्या गटाला ठरवू द्या. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही की सहल काढावी लागत नाही. मात्र मालकाची लेखी हमी लागते, कारण सुपरवायझरचा शब्द वरच्याच्या एका ई-मेलनं मोडतो आणि एकदा मोडलेल्या शब्दावर माणसं पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

हे करूनही काही जण टाळाटाळ करतील. असे असतात, मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी कडक बोलावंच लागतं. पण एखादी लाइनच्या लाइन, एखादी टीमच्या टीम हात राखून वागू लागली, तर तो माणसांचा स्वभाव नसतो; त्या जागेनं त्यांना दिलेलं शिक्षण असतं.

प्रत्येक सुपरवायझरला मी एक काम देते. तुमच्या हाताखालच्या माणसांपैकी शेवटची चांगली सूचना कुणी दिली होती, आणि त्यानंतर त्या माणसाचं काय झालं, ते लिहून आणा. त्याला काही मिळालं, काहीच मिळालं नाही, की त्याच्याच मानेवर जास्तीचं काम पडलं? बाकीच्यांनी ते पाहिलेलं असतं आणि आपला हिशेब त्यावरून केलेला असतो. तो माणूस अजून तुमच्याकडे असेल, तर प्रेरणेवरची व्याख्यानं ठेवण्याआधी त्याचं राहिलेलं देणं सगळ्यांसमोर देऊन टाका.