चिपवरील निरुपयोगी तुकडे

बिदरी भांड्यांचा कारागीर धातूवर नक्षी कोरतो, खोबणीत चांदी बसवतो आणि मग सारा पृष्ठभाग घासून एकसारखा करतो. संगणकाच्या चिपमधील तांब्याच्या तारा बहुतांशी याच रीतीने घडतात. १९९७ साली आय. बी. एम. कंपनीने जाहीर केलेल्या या पद्धतीचे ‘डमासीन’ हे नाव दमास्कसच्या जडावकामावरूनच पडले आहे. विद्युत्‌रोधक थरात खोबणी कोरावयाच्या, त्या तांब्याने भरावयाच्या आणि सूक्ष्म कण व रसायने मिसळलेल्या द्रवाने वरचे जादा तांबे घासून काढावयाचे, असा हा क्रम होय.

अडचण येते ती या घासण्यात. तांबे मऊ, भोवतालचा थर कठीण. त्यामुळे रुंद पट्टी मध्यभागी बशीसारखी खोल जाते. बारीक तारांची दाटी असेल तेथे तारांमधला रोधक थरही झिजतो व सबंध भागच खाली बसतो; तारा विरळ असतील तेथे पृष्ठभाग उंच राहतो. हा उंचसखलपणा मिलिमीटरच्या काही लाखांशांइतकाच असला, तरी पुढे नडतो. कारण अद्ययावत चिपमध्ये तारांचे असे दहाहून अधिक मजले चढावयाचे असतात. खालचा खड्डा वर उमटतो. त्यात नको असलेले तांबे उरून शेजारच्या दोन तारा जोडल्या जातात, किंवा नक्षी छापणाऱ्या भिंगाची नाभी त्या पातळीशी न जुळल्याने आकृती पुसट येते.

म्हणून आराखडा स्वीकारण्यापूर्वी कारखाना एक हिशेब मागतो. एक काल्पनिक चौकट आराखड्यावर थोडीथोडी सरकवीत न्यावयाची आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यात धातूने व्यापलेले क्षेत्र शेकडा किती, ते पाहावयाचे. मर्यादा कारखान्यागणिक व थरागणिक निराळ्या. उदाहरणार्थ, २० हून कमी नको, ८० हून अधिक नको. चौकट प्रत्येक वेळी पूर्ण एका घराने पुढे टाकीत नाहीत, कारण मग दोन घरांच्या सीमेवरची दाटी कोणाच्याच हिशेबात येत नाही.

जागा विरळ आढळल्यास तेथे कशालाही न जोडलेले धातूचे चौकोनी तुकडे पेरतात. रुंद पट्टीला, उलटपक्षी, भोके ठेवतात. उपाय ओबडधोबडच म्हटला पाहिजे, परंतु त्याने काम भागते. तथापि हे तुकडे निरुपद्रवी नव्हेत. त्यांच्या सान्निध्याने शेजारच्या तारेला अधिक विद्युत्‌भार भरून घ्यावा लागतो, आणि संदेश त्या मानाने उशिरा पोचतो. बिनतारी संदेशांसाठी चिपवर कोरलेल्या वेटोळ्याला तर ते विशेष बाधक. तुकड्यांत भोवऱ्यासारखे प्रवाह उठून वेटोळ्याची शक्ती वाया जाते. अशा वेटोळ्याभोवती आराखडाकार मोकळे अंगण राखू पाहतो, कारखाना ते भरू पाहतो. आणि तुकडे किती लहान असावेत व किती दूर, यावर उभयतांची घासाघीस चालते.